हळद निघायच्या आधी

दिवाळी सरली की हळदीच्या मुलखातल्या वसमतमध्ये दहावीच्या घरांत एकच विषय निघतो: पुढच्या क्लासला नांदेड की लातूर? बोर्डाची परीक्षा अजून लांब असते. तरी क्लासवाल्यांचे फोन सुरू झालेले असतात, मुलीनं निवड चाचणी दिलेली असते आणि अमुक तारखेच्या आत पैसे भरले तर फीमध्ये सवलत, असा निरोप आलेला असतो.

तेव्हा हळद जमिनीतच असते. ती फेब्रुवारी-मार्चात निघणार, कुकरमध्ये शिजणार, खळ्यावर वाळणार, ड्रममध्ये पॉलिश होणार आणि मग मोंढ्यावर जाणार. हातात पैसा पडेपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. ज्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार होतो, तिथं सवलत मिळून जाते. हळदवाल्यानं आडत्याकडून उचल घेतली तर व्याजच सवलत खाऊन टाकतं. नाही घेतली तर पुरी फी. दोन्ही घरांतल्या मुलींचे गुण सारखे, बाक एकच, आणि ज्याच्याकडे पैसा कमी त्यानंच जास्त मोजायचे. याला लबाडी म्हणता येत नाही, नियमात बसतं सगळं. तरीही हा अन्याय आहे.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माध्यमिक परीक्षा झाल्यावरच नोंदणी करावी आणि विद्यार्थ्यानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यात आहे. अंमलबजावणी राज्यांच्या हाती. पण डिसेंबरात पैसे मोजायला निघालेल्या किती बापांच्या कानावर हे गेलेलं असतं?

आधीच शब्द देण्याचा हा पेच अमेरिकेतही आहे. तिथल्या अनेक विद्यापीठांत नोव्हेंबरात अर्ज करायचा, डिसेंबरात निकाल, आणि जागा मिळाली तर तिथंच जायचं, असा करार असतो. कुठून किती आर्थिक मदत मिळते हे ताडून पाहण्याची ज्यांना गरज आहे, त्यांना असा शब्द देणं परवडत नाही. हार्वर्डमधली लवकर प्रवेशाची सोय इतकी बांधून घालणारी नव्हती, तरी तिचा लाभ मुळातच सुस्थितीत असलेल्यांना होतो असं सांगून त्यांनी २००६ मध्ये ती बंद करायचं जाहीर केलं. प्रिन्स्टननंही तेच केलं. बाकीच्या बहुतेकांनी केलं नाही, आणि २०११ मध्ये दोघांनीही लवकर प्रवेश पुन्हा आणला. एकट्यादुकट्या संस्थेच्या सद्भावनेवर हे टिकत नाही, हे त्यातून दिसलं.

आपल्याकडे २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. वसमतचा मुलगा गुणपत्रिका घेऊन थेट कॉलेजात जायचा. आता दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणजे पहिला क्रमांक हा दिलेला शब्द आहे. तो नेट कॅफेतल्या माणसानं गर्दीच्या घाईत लिहू नये, मामानं परस्पर सांगू नये. नांदेडला खोलीचं भाडं किती, मेसचे किती, जाण्यायेण्याला किती, आणि गावातल्याच कॉलेजात विज्ञान शाखा घेतली तर काय वाचतं, हे पोरीसमोर कागदावर मांडावं आणि मग तिलाच विचारावं. पंधरा वर्षांच्या पोरीला घरचा हिशेब समजतो.

ज्यांनी लवकर जागा धरली आणि पुढं पॉलिटेक्निकला किंवा दुसरीकडे जायचं ठरवलं, त्यांनी पहिला प्रवेश त्याच दिवशी रद्द करावा. ‘राहू दे, काय बिघडतं’ म्हणून अडवून ठेवलेल्या जागेखाली कुणाचं तरी नाव थांबलेलं असतं.

जानेवारीतल्या पालकसभेत शाळांनी एवढी माहिती तरी द्यावी. आणि तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी मिळून क्लासचालकांना विचारावं, की हळदीच्या मुलखातल्या मुलांसाठी सवलतीची तारीख मेअखेर ठेवायला तुमची अडचण नेमकी काय आहे?