वहीत नसलेले पान



"तिचे कष्ट देव पाहतो." हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! घरातील आई, पत्नी, सून दिवसभर राबते. तिला मोबदला नाही, कधी कधी आभाराचा शब्दही नाही. मग आपण म्हणतो, स्वर्गात तिचे फळ मोठे आहे. हे खरेच आहे. पण देव पाहतो म्हणून आपण पाहिले नाही तरी चालते का?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील शेतकरी स्त्री आठवते. कारण तिथे हा प्रश्न प्रवचनापुरता राहिला नाही, तो थेट कायद्यापर्यंत गेला.

आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा ही मका, सोयाबीन आणि गुराढोरांची राज्ये. शेजारचे घर कधी मैलभर दूर असते. अशा घरातील बाई पहाटे उठते, न्याहारी करते, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवते, वासरांना दूध पाजते. सुगीत धान्याचा ट्रक चालवते. यंत्राचा एखादा भाग मोडला तर तो आणायला तीच गावाकडे धावते आणि शेतावर जेवणही तीच पोहोचवते. पुष्कळ जणी गावात नोकरी करतात. कोणी शाळेत, कोणी धान्य साठवणाऱ्या सहकारी संस्थेत हिशेबनीस म्हणून. आणि रात्री मुले झोपली की स्वयंपाकघरातील टेबलावर घरच्या शेतीची वही उघडते. बियाणे, खत, डिझेल, बँकेचे व्याज, विकलेला मका, दुधाचे पैसे. पेरणीला कर्ज काढायचे आणि सुगीनंतर फेडायचे. हे गणित जमते की नाही, हे घरात सर्वांत आधी तिला कळते.

१९८० च्या दशकात तिथल्या शेतीवर मोठे संकट आले. आयोवात १९८१ साली जमिनीचा सरासरी भाव एकरी २,१४७ डॉलर होता. १९८६ साली तो ७८७ डॉलरवर आला. ज्या जमिनीच्या तारणावर कर्ज काढले, तिचीच किंमत कर्जापेक्षा कमी झाली. अनेक कुटुंबांची शेती लिलावात गेली. अशा वेळी आकडे झाकून ठेवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. नवऱ्यापुढे वही उघडून "आता भागत नाही" असे सांगायला धैर्य लागते. खरा हिशेब ठेवणे हीसुद्धा सत्याची सेवा आहे.

पण त्या वहीत एक पान नव्हते. सर्वांचे हिशेब लिहिणाऱ्या बाईचे स्वतःचे पान! तिच्या कामाची किंमत कुठेच लिहिलेली नसे. जमीन पतिपत्नी दोघांच्या नावावर असली, तरी पती आधी वारला तर वारसाकरासाठी ती सारी जमीन त्याचीच धरली जाई. आपला पैसा त्यात आहे हे विधवेने सिद्ध करायचे. तीस-चाळीस वर्षे गाई पिळल्या, वही लिहिली, हा पुरावा सहसा मानला जात नसे. लोक त्याला 'विधवांवरचा कर' म्हणत. शेतकरी स्त्रियांनी १९७० च्या दशकात याविरुद्ध आवाज उठवला. कायदा हळूहळू बदलला आणि १९८१ च्या कायद्याने पतीकडून पत्नीकडे येणाऱ्या मालमत्तेवरील हा कर संपला. सरकारी कृषिगणना तर १९९७ पर्यंत एका शेतावर एकच शेतकरी मोजत असे. २००२ पासून एकाहून अधिकांची नोंद होऊ लागली.

काही जण म्हणतील, उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नये, अशी प्रभूची शिकवण नाही का? (मत्तय ६:३) होय, आहे. पण ही आज्ञा कोणाला आहे? देणाऱ्याला. घेणाऱ्याला नव्हे! देणाऱ्याने आपले दान लपवावे. घेणाऱ्याने ते विसरावे असे प्रभूने कुठेही म्हटलेले नाही. मंदिरात दोन लहान नाणी टाकणारी विधवा स्वतः काहीच बोलली नाही. प्रभू येशूने शिष्यांना जवळ बोलावून तिचे दान त्यांना दाखवून दिले (मार्क १२:४१-४४). ती गप्प राहिली, ही तिची नम्रता. प्रभू बोलला, हा त्याचा न्याय.

नीतिसूत्रे या ग्रंथाच्या ३१ व्या अध्यायातील स्त्री शेत पाहून विकत घेते, व्यवहार करते, तिचा दिवा रात्री विझत नाही. ती जणू त्या मध्यपश्चिमेतील हिशेबनीस बाईची बहीणच! त्या अध्यायाचा शेवट आपण लक्षपूर्वक वाचतो का? तिच्या हातांच्या कमाईतला वाटा तिला द्यावा आणि तिची स्तुती गावच्या वेशीत, चारचौघांत व्हावी, असे तिथे सांगितले आहे. आधी वाटा, मग स्तुती. आपण मात्र मातृदिनी स्तुती करतो आणि वाटा विसरतो.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांना १६२२ साली संतपद मिळाले. त्यांच्या संसारात आणि भक्तीत बरोबरीने चाललेली पत्नी मारिया हिला १६९७ साली धन्य घोषित करण्यात आले. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, ख्रिस्तसभेने तिचेही पान लिहिले.

पोप जॉन पॉल दुसरे ४ ऑक्टोबर १९७९ रोजी आयोवात गेले. एका शेतकऱ्याने त्यांना पत्र लिहून बोलावले होते. डी मॉईन शहराजवळच्या मोकळ्या रानात लाखो लोक मिस्साला जमले. जमिनीबाबत माणसाची वृत्ती कशी असावी हे सांगताना त्यांनी कृतज्ञतेला पहिले स्थान दिले. पीक देणाऱ्या देवाचे आभार मानणाऱ्याने, त्या पिकासाठी शेजारी राबणाऱ्या माणसाला विसरावे काय?

बंधुभगिनींनो, आज मिस्साहून घरी गेल्यावर आपण आपली वही उघडून पाहू या. घराच्या कागदावर, सातबाऱ्यावर, बँकेच्या खात्यावर तिचे नाव आहे का? मोठा निर्णय घेताना तिला विचारले जाते का? मुलांसमोर तिच्या कामाचे नाव घेऊन आपण कधी आभार मानले आहेत का? देवाच्या वहीत तिचे पान भरलेले आहे, याची आम्हाला शंका नाही. आपल्या वहीत ते कोरे का, एवढेच आपल्याला विचारले जाईल.

हे प्रभो, जे तू पाहतोस ते पाहण्याची दृष्टी आम्हालाही दे. आमेन.