कफर्णहूमचा मासा

शास्त्रपाठ : मत्तय १७:२४-२७



मंदिराच्या कराची मागणी आली तेव्हा प्रभूने पेत्राला कफर्णहूमच्या किनाऱ्यावर पाठविले. गळाला प्रथम लागेल त्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, ते दोघांच्या वतीने भर, असे सांगितले. तो मासा कोणत्या जातीचा होता हे शास्त्र सांगत नाही, व आपणही तर्क करू नये. परंतु त्याच गालील समुद्रात एक लहानसा मासा आहे, ज्याच्या तोंडात नाण्याहूनही मोलाची ठेव असते.

हा मासा वीतभरही नसतो. १८८३ साली लॉर्टे नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, व पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार फ्लावियस योसेफस याचे नाव त्याला दिले. योसेफसाने लिहिले आहे की, कफर्णहूमच्या झऱ्यात आलेक्सांद्रियाजवळच्या सरोवरातल्यासारखे मासे मिळतात, म्हणून काही लोक त्या झऱ्याला नील नदीचीच शीर समजत. झरा नीलेचा नव्हे; पण या माशाचे जवळचे भाऊबंद मात्र खरोखरच आफ्रिकेच्या नद्या-सरोवरांत आहेत.

मादी अंडी घालते आणि लागलीच ती तोंडात उचलून घेते. अंडी फुटून पिले पोहण्याजोगी होईपर्यंत त्यांचे घर म्हणजे आईचे तोंड. त्यांना ताजे पाणी मिळावे म्हणून ती त्यांना आतल्या आत हलकेच घोळवीत राहते. या दिवसांत ती जवळजवळ उपाशीच असते. जे तोंड खाण्यासाठी, तेच पाळणा झालेले! अशा माद्या फार घाबरल्या तर कधी अंडी गिळूनही टाकतात. म्हणजे राखणे हे तिलाही सोपे नाही.

आणि आपले तोंड? मी माझीच चूक सांगतो. एका बंधूने रात्री उशिरा येऊन आपल्या दारूच्या व्यसनाविषयी माझ्याजवळ अश्रू ढाळले. दोनच दिवसांनी घरगुती प्रार्थनासभेत मी म्हणालो, "आपल्या एका बंधूसाठी प्रार्थना करू या, नाव घेत नाही." मग इतका तपशील सांगितला की नाव घेण्याची गरजच उरली नाही. पुढच्या रविवारी त्या कुटुंबाचा बाक रिकामा होता. मी क्षमा मागण्यास गेलो. पत्नीने चहा दिला. बंधू आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. प्रार्थनेच्या नावाखाली मी एका माणसाला गिळले होते.

प्रियजनहो, आपल्या मंडळ्या लहान आहेत. कोणाचे लग्न मोडले, कोणाचा मुलगा नापास झाला, हे उपासना सुटण्याआधी दारापर्यंत पोहोचते. कोणी आपले दुःख आपल्या हवाली करतो, तेव्हा तो जिवंत ठेव देत असतो. ती राखायची तर बोलण्याची भूक मारावी लागते.

पण आणखी एक गोष्ट आहे. ही मासोळी तोंड कायमचे मिटून ठेवीत नाही. वेळ आली की ते उघडते व पिलांना मोकळे पाणी दाखविते. संकट दिसताच पुन्हा आत घेते. एखाद्या घरात सुनेला मारहाण होत आहे हे ठाऊक असून गप्प राहणे, याला ठेव राखणे म्हणत नाहीत. तिथे तोंड उघडलेच पाहिजे, पण तिच्या रक्षणासाठी. आपली जीभ सुखावण्यासाठी नव्हे.

बोलण्यापूर्वी एवढेच विचारू या : या शब्दाने कोणी जगेल, की कोणी गिळला जाईल?

प्रार्थना : हे प्रभो, पेत्रासाठी माशाच्या मुखात तू नाणे ठेविलेस. आमच्या मुखात दुसऱ्याचे जीवन सुरक्षित राहो. ज्यांना आम्ही शब्दांनी दुखविले, त्यांच्या दारी पुन्हा जाण्याची नम्रता आम्हांस दे. आमेन.