फोटोत तोंड काळं येतं तेव्हा

खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा फोटो काढला की बाहेरचं झाड स्वच्छ येतं आणि माणूस काळा ठिक्कर. मग ॲप उघडून ‘शॅडोज’ची पट्टी उजवीकडे सरकवायची, ही आता घरोघरची रीत. त्यावर आक्षेप ठरलेला : फोटो हा पुरावा, त्याला हात लावणं म्हणजे खोटेपणा. पण कॅमेरा इतका निष्पाप नाही. त्याचं प्रकाशमापन मुळातच असं धरून चालतं, की समोरचं दृश्य सरासरीने मधल्या करड्या छटेचं, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं आहे. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा घालून सावळा माणूस उभा राहिला, की कॅमेरा भिंतीला करडी करायला जातो आणि त्यापायी चेहरा अंधारात ढकलतो. फिल्मच्या जमान्यात तर कोडॅकच्या प्रिंटचे रंग ज्या नमुना-कार्डावरून जुळवत, त्या ‘शर्ली कार्डा’वर कित्येक वर्षं गोरी बाईच असे. अशा सवयींच्या यंत्राने काळवंडवलेला चेहरा उजळला, तर त्याला लबाडी म्हणता येणार नाही. डार्करूममध्येही हेच चालायचं. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. त्या एकाच निगेटिव्हवरून त्याने पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढले आणि त्यांतलं आकाश उत्तरोत्तर काळं करत नेलं. त्याला कुणी खोटारडा ठरवलं नाही.

मग वाटेल तितका उजेड ओतावा का? इथे आधी यंत्रच हात आखडतं. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि गडद अंधाराच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात. पट्टी टोकाला नेली की हनुवटीखाली हिरवे-जांभळे डाग उमटतात, काळे केस राखाडी होतात. रॉ फाइल १४ बिटची असेल तर १६,३८४ पायऱ्या हाताशी असतात, म्हणून तिथे सावलीतूनही चेहरा निघतो. जे नोंदलं गेलं आहे ते वर काढणं वेगळं आणि जे नोंदलंच गेलं नाही ते नव्याने रंगवणं वेगळं. नव्या ॲपमधलं एआय दुसरं काम इतक्या सफाईने करतं की फरक नजरेला कळत नाही. घरच्या फोटोत मला त्याचीच धास्ती जास्त वाटते. निरांजनाच्या उजेडातला फोटो ट्यूबलाइटखालचा दिसावा इतका सपाट करणं, हेही तसलंच.

खरी अडचण मात्र कातडीच्या रंगाची आहे. १९९४च्या जूनमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून मुखपृष्ठावर छापला. ‘न्यूजवीक’ने तोच फोटो तसा गडद न करता छापल्यामुळे फरक उघडा पडला आणि मोठा गदारोळ झाला. चेहरा काळा केला की आपल्याला अन्याय लगेच दिसतो. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीला दोन छटा गोरी केली, तर मात्र तिला ‘छान उजेड आलाय’ म्हणतात. त्यांचा अल्बम, त्यांची हौस, असं यावर कुणी म्हणेल. हौस असायला हरकत नाही, पण बहुधा नवरीला कुणी विचारलेलंच नसतं. आणि उद्या आपला सावळा रंग आजीवर गेलाय का हे बघायला अल्बम उघडणाऱ्या नातीला तो तिथे सापडणार नाही. उजेडाची दुरुस्ती कुठे संपली हे ओळखायला हात बघावा. चेहरा उजळ आणि त्याच प्रकाशातला मेंदीचा हात मूळ रंगाचा, असं दिसलं की पट्टी मागे घ्यावी. ‘ऑटो’ बटणावर तर हे काम सोडूच नये. हळदीच्या फोटोत सगळीकडे पिवळं दिसलं की ते त्याला रंगाचा बिघाड समजतं, आणि निळसर झाक देऊन हळदच पुसायला निघतं.