सोंग आणि ढोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपले वाडवडील सांगत आले. या म्हणीत सोंगाची निंदा नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सोंग आणणे हा आपल्याकडे कधी गुन्हा मानला गेला नाही. बहुरूपी फौजदाराचा वेष चढवून दारात उभा राही, कसलासा कागद फडकावून घरधन्याला दरडावी. पोरे आतल्या खोलीत दडत, आणि घरातली वडीलधारी बाई हसत हसत त्याच्या झोळीत पसाभर तांदूळ घाली. त्याने कोणाला फसवले असे कोणीच म्हणत नसे. तो फौजदार नाही हे त्याला ठाऊक आणि तांदूळ घालणारीलाही ठाऊक. जे सर्वांना ठाऊक असते ते सोंग. जे एकट्या करणाऱ्यालाच ठाऊक असते ते ढोंग. आपल्या भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले, यात तिचा मोठा शहाणपणा आहे.

पण सोंग निरुपद्रवी असते, एवढ्यावर हा विषय संपतो काय? हा प्रश्न माझ्यापुढे आला तो संगणकावरच्या एका खेळामुळे. माझा भाचा बोरिवलीला राहतो, अंधेरीला नोकरी करतो, आणि रात्री जेवणे आटोपली की दोन तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाच्या दुनियेत वावरतो. मी मुलुंडहून चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेलो, की त्याच्यामागे खुर्ची टाकून पाहत बसतो. मला खेळता येत नाही. पण बुद्धिबळ न येणारा माणूसही डावाशेजारी तासन् तास उभा राहतोच की!

हा खेळ २००४ च्या नोव्हेंबरात निघाला. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक मुलखात एकमेकांना भेटतात, मोहिमा काढतात, राक्षस मारतात. पुढे खेळ इतका बदलला की जुन्या खेळाडूंना त्यात आपले गाव ओळखू येईना. तेव्हा त्यांच्या आग्रहावरून २०१९ च्या ऑगस्टात कंपनीने पहिला खेळ ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा उघडून दिला. जुने संगीत नाटक मूळच्या पदांसकट पुन्हा रंगभूमीवर यावे, तसाच हा प्रकार.

या जुन्या खेळात प्रत्येकजण पहिल्या पायरीवर सुरुवात करतो, अंगावर साधी फाटकी कापडे घेऊन. साठाव्या पायरीवर पोहोचल्यावर खरी कसोटी सुरू होते. ‘मोल्टन कोअर’ नावाची एक धगधगती गुहा आहे. तिच्यात चाळीस माणसांनी मिळून उतरायचे. तिथले राक्षस आठवड्यातून एकदाच मारता येतात, आणि एक राक्षस पडला की चाळीस जणांत वाटायला दोन-चार वस्तू मिळतात. त्यांतले चिलखत ज्याने उचलले त्याच्याच अंगाला ते चिकटते. ते विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. आठ नगांचा एक जोड पुरा व्हायला कित्येक महिने लागतात. असा पुरा जोड ल्यालेला वीर पेठेत येऊन उभा राहिला की नवखे खेळाडू थबकतात. त्याला विचारावे लागत नाही, त्याला सांगावे लागत नाही. चिलखतच बोलते.

आता वादाचा मुद्दा. नव्या खेळात २०११ च्या नोव्हेंबरात एक सोय आली. तिचे नाव ‘ट्रान्समॉग्रिफिकेशन’. मुले नुसते ‘ट्रान्समॉग’ म्हणतात. अंगात चिलखत एक असावे आणि लोकांना दिसावे दुसरेच, अशी ही किमया. बळ खऱ्या चिलखताचे, रूप आवडत्या चिलखताचे. ही सोय जुन्या खेळातही आणावी की नाही, यावर खेळाडूंत दोन तट पडले आहेत. माझा भाचा ‘आणावी’ म्हणणाऱ्यांतला.

“मामा,” तो म्हणाला, “तुम्हीच सांगा. सगळ्यांत बळकट टोप हिरवा, छातीवरचे जांभळे, पायांत लाल. महिनोन् महिने राबून मी दिसतो कसा? गोधडीसारखा! दिवसभर गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवून हिंडतोच. रात्री दोन तास तरी मला हवे तसे दिसू द्या. त्यात कोणाचे काय जाते?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वेषाने योग्यता सांगावी, हा नियम ऐकायला न्यायाचा वाटतो. पण आपल्याच मुलखात त्या नियमाने फार छळ केलेला आहे. कोणी काय नेसावे आणि कोणते दागिने घालावेत, हे जातीने ठरवून दिलेले असे. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसले दागिने टाकून द्या. त्यांनी त्या टाकल्या. तिथे वेष बदलणे म्हणजे मुक्त होणे होते. करमणुकीच्या गोष्टीत महाडचे नाव घेणे काहींना विसंगत वाटेल. परंतु प्रश्न एकाच जातीचा आहे. माझ्या अंगावरचे वस्त्र लोकांना काय सांगणार, हे ठरवायचे कोणी?

माझे उत्तर असे. जे वस्त्र जन्माबरोबर लादले गेले, ते फेकून देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कारण ते वस्त्र त्याच्याविषयी काहीच खरे सांगत नव्हते, फक्त त्याला जखडत होते. पण जे वस्त्र सर्वांनी एकाच ठिकाणाहून निघून मिळवायचे असते, ते बेडी नसते. तो एक शब्द असतो. आणि शब्दावर बोलणाऱ्याची एकट्याची मालकी नसते. तो ऐकणाऱ्याचाही असतो.

यावर भाच्याने तात्काळ दोन बाण सोडले. पहिला असा, की सारे एका ठिकाणाहून निघतात हे नावालाच. विद्यार्थ्याला दिवसाचे दहा तास मिळतात, आणि गर्दीच्या लोकलमधून लोंबकळत घरी येणाऱ्याला दोन. मग चिलखत पराक्रम सांगते की फुरसत? दुसरा बाण याहून तीक्ष्ण. या खेळातले सोने काही लोक बाहेर खरे पैसे मोजून घेतात, आणि मोहिमेतल्या वस्तूंचा त्या सोन्यावर लिलाव चालतो. हा लिलाव इतका बोकाळला की २०२४ मध्ये कंपनीने क्लासिकच्या काही दुनियांत त्यावर बंदी घातली. “म्हणजे मामा, तुमचे बोलके चिलखत आधीपासूनच खोटे बोलते!”

पहिला आक्षेप मी निम्मा मान्य करतो. चिलखत फुरसतही सांगते. तरी आणखी एक गोष्ट ते सांगतेच, की हा माणूस चाळीस जणांबरोबर त्या गुहेत उतरला होता आणि पुन्हा पुन्हा उतरला होता. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. बाजारात खोट्या नोटा फिरतात, म्हणून कोणी सगळ्याच नोटांवर हवे ते चित्र छापा असे म्हणत नाही. खोटी नोट पकडण्याची खटपट करतो. कारण खऱ्या नोटेची किंमत आपल्याला राखायची असते.

त्याचा एक युक्तिवाद मात्र मला बराच वेळ घोळवावा लागला. तो म्हणाला, “ट्रान्समॉगमध्ये लबाडी कुठे आहे? सगळ्यांनाच ठाऊक असते की दिसते ते खरे नसेल. आणि हवे तर चौकशीचे बटण दाबावे, खरी यादी समोर येते.” म्हणजे त्याच्या मते हे सोंग आहे, ढोंग नव्हे. ते बरोबरच आहे. इथे कोणी कोणाला फसवत नाही. पण नुकसान फसवणुकीचे नाहीच, ते निराळे आहे. ढोंगाने भाषा खोटी होते. सर्वांनीच सदासर्वकाळ सोंग घेतले तर ती मुकी होते. खोटे कोणी बोलत नाही, परंतु खरे बोलण्याची सोय राहत नाही. बहुरूप्याचे सोंग रंगत असे, कारण गावात खऱ्या फौजदाराच्या पोशाखाला अर्थ होता. ज्याला वाटेल त्याने रोजच तो पोशाख घालायचा ठरवले असते, तर सर्वांत आधी उपाशी मेला असता तो बहुरूपी!

आणि चौकशीचे बटण? माणूस ओळखणे वेगळे, त्याचे कागद तपासणे वेगळे. चाळीत कोण आले ते पावलांच्या आवाजावरून कळे. आज आमच्या उंच इमारतीच्या फाटकावर नाव, नंबर, कोणाकडे, कशासाठी, सारे नोंदवून घेतात. माहिती पूर्वीपेक्षा अधिक मिळते आणि ओळख कमी होते.

म्हणजे नटूच नये काय? असे मी कसे म्हणेन! जुन्या खेळाने नटण्याला जागा ठेवलेली आहेच. त्यात सदरा आणि ‘टॅबर्ड’ म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा असे दोन कपडे आहेत. त्यांनी बळ तिळभर वाढत नाही. टोप आणि पाठीवरचा झगा नको असेल तर लपवताही येतो. टॅबर्डवर आपल्या टोळीचे चिन्ह असते. गोपाळकाल्याला जोगेश्वरी-घाटकोपरचे गोविंदा एकाच रंगाचे बनियन घालून निघतात. तळाला खांदा देणारा आणि वरच्या थरावर चढणारा दोघांनाही तेच. कोण किती उंच चढला ते बनियन सांगत नाही. आपण कोणाचे, एवढे मात्र सांगते. असल्या हौसेने कोणाचा शब्द हिरावला जात नाही.

शिवाय प्रत्येक खेळात वस्त्र बोलतेच असेही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, आणि जुलै २०२१ मध्ये तिच्या जागी बीजीएमआय आला. लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या पोरे तो खेळतात. तिथे प्रत्येक डावात सगळे विमानातून रिकाम्या हाती उडी टाकतात; कपडे दुकानातून घेतलेले, आणि त्यांवरून पराक्रम वाचायला कोणी जात नाही. तिथे खुशाल मोरपिसे लावा.

धोका कुठे आहे, ते मोठ्या खेळाच्या इतिहासातच दिसते. २०११ च्या नियमात निदान एवढे होते, की ज्याचे रूप घ्यायचे ती वस्तू तुमच्यापाशी असली पाहिजे. पण २०१३ मध्ये केवळ दिसण्यासाठीची काही शिरस्त्राणे कंपनीच्या दुकानात खऱ्या डॉलरांना विक्रीला आली. रूप एकदा कर्तृत्वापासून सुटे झाले, की त्यावर किमतीची चिठ्ठी लागायला फार काळ लागत नाही. वाडवडिलांची म्हण इथे उलटी होते. पैशाचे सोंग अजूनही आणता येत नाही. पैशाने मात्र सगळी सोंगे आणता येतात.

म्हणून नव्या खेळात ट्रान्समॉग सुखाने नांदो. जुन्यात ते नको, असे माझे मत आहे. भाच्याला ते पटलेले नाही, आणि तो दमून-भागून त्या दुनियेत जातो हे ठाऊक असल्यामुळे त्याच्या इच्छेला मी क्षुद्र म्हणणार नाही. पण ज्यांनी आग्रह धरून जुना खेळ परत मागितला, त्यांनी केवळ जुने राक्षस मागितले नव्हते. अनोळखी माणसाकडे पाहताच त्याचे कष्ट वाचता यावेत, अशी एक जागा मागितली होती. शेजारच्या दारामागे कोण राहतो, त्याने आयुष्यात काय सोसले आणि काय मिळवले, हे कळायला आपल्या उपनगरांत आता वर्षे जातात. कित्येकदा ते कळतच नाही. मग कल्पनेतली का होईना, अशी एक पेठ जगात असू द्यावी. तिथे आपला गडी गोधडीसारखा दिसला तर दिसो. त्या गोधडीचा एकेक तुकडा कुठून आला, हे पाहणाऱ्याला कळते.