वेतनाच्या पायऱ्या आणि वेतनाचा पाया

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळीचा हिशेब होतो, तेव्हा तांडेलाचा वाटा खलाशाच्या वाट्याहून अधिक ठरला तर कोणी तक्रार करीत नाही. वारा, पाणी आणि सोबत्यांचे प्राण यांची जबाबदारी ज्याच्या शिरावर, त्याला अधिक मिळावे हे सर्वांना मान्य असते. परंतु वाट्याला आलेल्या पैशांत खलाशाच्या घरची चूल पेटणार नसेल, तर 'रीतच तशी आहे' एवढे उत्तर पुरेसे होईल काय?

किनाऱ्यावरचा हा प्रश्न कचेरीतही सुटलेला नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांचे संसार विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलच्या आधाराने उभे राहिले. चर्चगेटपासून जवळच आयुर्विमा महामंडळाचे मध्यवर्ती कार्यालय आहे. त्या वास्तूचे नाव 'योगक्षेम'. नाही ते मिळविणे आणि आहे ते सांभाळणे, असा या शब्दाचा अर्थ. इतरांच्या योगक्षेमाची हमी देणाऱ्यांच्या स्वतःच्या योगक्षेमाचे काय, हे आपण येथे पाहू.

१ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्थांचा कारभार एकत्र करून महामंडळ स्थापन झाले. कंपनीगणिक वेतनाची रीत निराळी होती. ती एकसारखी करणे भाग होते. अधिकारी पहिल्या वर्गात, विकास अधिकारी दुसऱ्या, कारकून तिसऱ्या आणि शिपाई चौथ्या वर्गात, अशी मांडणी रूढ झाली. पुढे सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्या चार कंपन्यांत सामावल्या, तेव्हाही १९७४ च्या योजनेने वेतनश्रेणी नव्याने आखल्या. मालकाच्या मर्जीची जागा नियमाने घेतली, हा या वर्गवारीचा मोठाच लाभ होय.

तथापि नियमही बळकटाच्या हाती असतो. १९७४ साली तिसऱ्या व चौथ्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांशी महामंडळाने वार्षिक बोनसचा करार केला. १९७६ साली, आणीबाणीत, संसदेच्या कायद्याने त्याचा आधारच काढून घेण्यात आला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तो कायदा रद्द ठरविला. दिलेला शब्द सत्तेलाही सहज मोडता येत नाही, हे त्यातून दिसले. मात्र १९८१ च्या दुरुस्तीने वेतनाचे नियम ठरविण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला.

पण आमच्या मनाला अधिक बोचतात ते या चारही वर्गांबाहेरचे लोक. तात्पुरत्या व बदली कामगारांच्या हक्कांविषयी १९८६ चा तुळपुळे निवाडा झाला, १९८८ चा जामदार निवाडा झाला. तरी त्या वादावर २०१५ सालीही सर्वोच्च न्यायालय निकाल देत होते. एवढ्या काळात एका माणसाचे उमेदीचे आयुष्य सरते. दारोदार फिरून विमा विकणारा एजंट तर नोकरच गणला जात नाही. त्याला कमिशन मिळते; ज्या महिन्यात विमा विकला जात नाही, त्या महिन्यात नव्या कामाची कमाई शून्य. दुसऱ्याच्या अनाथ लेकरांची तरतूद करून देणाऱ्याला स्वतःच्या लेकरांच्या पुढच्या महिन्याची शाश्वती नसते.

येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. कोणाला कोणापेक्षा अधिक द्यावे, हा पायऱ्यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कामात शोधावे. कोणालाही कशाहून कमी देऊ नये, हा पायाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर माणसात शोधावे लागते. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे मोजमाप सांगताना कुटुंबाचे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन यांचा हिशेब मांडला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार आणि म्हातारपणाची सोय यांसाठी त्यात आणखी पंचवीस टक्क्यांची भर घालण्यास सांगितले. हे माप माणसाचे आहे, हुद्द्याचे नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून निराळी नाही. १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी बजावले की, कामगाराने वेतन मान्य केले एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही; गरजेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेही मुख्यत्वे याच परिपत्रकाचे स्मरण ठेवून.

कोणी म्हणेल, सर्वांना गरजेप्रमाणे दिले तर जबाबदारी कोण घेईल? द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात सकाळपासून राबलेल्यांनीही असेच गाऱ्हाणे केले होते. धन्याने त्यांचे ठरलेले वेतन कापले नाही. मात्र शेवटच्या तासाला आलेल्यालाही दिवसाची भाकरी मिळावी एवढे त्याने पाहिले. पायऱ्या जरूर असाव्यात. पण त्या पायावर उभ्या असाव्यात.

आणि हा धनी केवळ नरिमन पॉइंटला बसत नाही. केळीच्या वाडीत राबणारा गडी, घरी धुणेभांडी करणारी बाई, आपल्या संस्थांतील रोजंदारीवरचा शिपाई यांचे वेतन आपणच ठरवितो. ते ठरविताना शेजारी किती देतात, हे आपण पाहतो. त्यांच्या घरी खाणारी तोंडे किती, हे आपण कधी विचारले आहे काय? पुढच्या पगाराच्या दिवशी तेवढे विचारावे. उत्तर ऐकल्यावर पूर्वीचाच आकडा हातावर ठेवणे आपल्याला जड जाईल, आणि ते जड जावे हेच बरे.