थांबायला वीट

विठ्ठला, पांडुरंगा,

आज ३१ मार्च. गोदामाचं शटर अर्धं खाली ओढून वर्षाचा हिशेब मिटवत बसले आहे. चारी बाजूंनी ज्वारीच्या थप्प्या, मधे टेबल, वर एक बल्ब, आणि भिंतीवर वारीतून आणलेली तुझी तसबीर. देवळात तुझ्यापुढं आलं की मागच्याचा धक्का लागतो आणि मागायचं ते राहून जातं. इथं मागं फक्त पोती आहेत. म्हणून आज इथूनच बोलते.

तू हिशेबातला देव आहेस, हे मला मंगळवेढ्यानं शिकवलं. दुष्काळात माणसं अन्नावाचून तडफडत होती. इथली कोठारं सांभाळणाऱ्या दामाजीपंतांना ते बघवलं नाही. त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. बादशहाचा हुकूम सुटला, पंतांना धरून आणा. तेव्हा तू विठू महार झालास. घोंगडी पांघरून दरबारात गेलास, थैली ओतलीस, आणि सगळी रक्कम भरून झाल्यावर पावती मागून घेतलीस. माझ्या आजीला त्या गोष्टीत न संपणाऱ्या थैलीचं नवल वाटायचं. मला पावतीचं वाटतं. साक्षात देव, पण तोंडी व्यवहार केला नाहीस. पावणं आणि पावती हे शब्द एकाच कुळातले आहेत, ते काही उगाच नाही.

म्हणून आधी माझी पावती घे. यंदा परतीचा पाऊस वेळेवर दिलास. काळ्या रानात ओल मुरली. त्या ओलीवर मालदांडी वाढली, थंडीत निसवली, पुसात हुरडा झाला आणि कडब्याच्या गंजीही लागल्या. पाणी न देता पिकणारं हे धान्य तू या कोरड्या मुलखाला दिलंस. माणसाला भाकरी आणि जनावराला वैरण एकाच ताटात उभी केलीस. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. मातीचं नाव कागदावर लागलं. त्याबद्दलही तुझे उपकार. पण नावानं भाव येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. नाहीतर तुझ्या नावाच्या पेठेतला हमाल कधीच श्रीमंत झाला असता.

आता गाऱ्हाणं.

२०२३च्या फेब्रुवारीत आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा बाजारात नेला. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. त्या विक्रीची पट्टी देशभर फिरली. मी हिशेबनीस, म्हणून मी ती हिशेबनिसाच्या डोळ्यांनी वाचली. तिच्यात बेरीज चुकलेली नव्हती, वजाबाकीही नाही. रकाने बरोबर होते आणि माणूस मात्र बुडाला होता. देवा, त्या दिवशी माझा पावतीवरचा विश्वास हलला. चोख हिशेब आणि न्याय्य हिशेब वेगळे असू शकतात, हे मला तोवर कळलं नव्हतं.

मग खूप विचार केला तेव्हा जाणवलं की त्या पट्टीत एक रकाना नव्हताच. विकणाऱ्याला थांबता येत होतं का, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

थांबणं तुला चांगलं जमतं. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, त्यानं मागं वळून न बघता वीट फेकली, आणि तू तिच्यावर उभा राहिलास. अठ्ठावीस युगं झाली म्हणतात. घाई केली नाहीस, कारण पायाखाली वीट होती. आमच्या शेतकऱ्याच्या पायाखाली चिखल आहे. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं, पोरीचं लग्न वैशाखात, खताच्या दुकानदाराची उधारी. रास खळ्यावरून उचलली की थेट बाजारात. सगळ्या तालुक्याची ज्वारी एकाच पंधरवड्यात येते आणि भाव आपोआप खाली बसतो. तीच ज्वारी पावसाळ्यात महाग होते, पण तोवर ती दुसऱ्याच्या थप्पीत गेलेली असते. पिकवणारा आणि नफा मिळवणारा यांच्यामधे चार महिने असतात, बाकी काही नाही.

म्हणून आमच्या शेतकरी कंपनीनं हे गोदाम बांधलं. इथं ज्वारी ठेवायची, गोदामाची पावती घ्यायची, त्या पावतीवर मालाच्या किमतीतला काही हिस्सा कर्जाऊ मिळतो. लग्नही होतं, हप्ताही जातो, आणि माल शेतकऱ्याच्या नावानं पडून राहतो. भाव आला की विकायचा. बाहेरून आलेले साहेब याला मोठमोठी नावं देतात. मला विचारशील तर आम्ही इतकंच केलं, शेतकऱ्याच्या पायाखाली एक वीट सरकवली.

ही वीट सरकवायला ज्यांनी आमच्याआधी हात लावले, त्यांची आठवण आज तुझ्यापुढं ठेवते. १९५९ साली गिरगावातल्या गच्चीवर सात बायका ऐंशी रुपयांची उसनवारी घेऊन पापड लाटायला बसल्या, त्यांचं लिज्जत झालं. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या वाण्याच्या उधारीत बुडाल्या होत्या, त्यांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुण्यात पोती वाहणाऱ्या हमालांनाच पोटभर परवडेना, तेव्हा बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचं तोंड न पाहता गावरान बियाणं मडक्यांत जपलं, आणि २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. तुझ्या नावाच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. यांच्यापैकी कुणीही तुझ्या थैलीची वाट बघत बसलं नाही. तरी त्यांच्या कामात तू नव्हतास, असं म्हणायची माझी छाती नाही.

पण पांडुरंगा, त्या सहकाराचं पुढं काय झालं तेही तू पाहिलंस. कुठं कारखाना घराण्याचा झाला, कुठं तो कर्जात बुडाला आणि कवडीमोलानं विकला गेला. पाणी उसाकडं वळलं आणि ज्वारीचं रान कमी कमी होत गेलं. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी बांधलेल्या घराला कुलूप कधी लागलं, ते आत राहणाऱ्यांनाही कळलं नाही. आमचं तसं होऊ देऊ नकोस, असं मागायला मी तोंड उघडते, आणि आधी कबुली द्यावी लागते.

कबुली ही. कायद्यानं आमच्या कंपनीत सभासदाचे भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. ते मत द्यायला सभेत यावं लागतं. गेल्या वर्षी सभा ठेवली ती काढणीच्या दिवसांत, दुपारी. बायका रानात होत्या. मी रजिस्टर घरोघर पाठवून सह्या आणल्या. कागदावर कोरम भरला. बचत गटात दर महिन्याला गोल करून बसायची सवय मला याच बायकांनी लावली होती आणि मीच त्यांना सहीपुरतं उरवलं. दुसरी गोष्ट. पौषात व्यापाऱ्याची मोठी मागणी आली, तेव्हा सभासद नसलेल्या एका नडलेल्या माणसाची जुनी ज्वारी आम्ही पडत्या भावानं घेतली. नफा वाढला, टाळ्या वाजल्या. त्या रात्री वही मिटताना मला आडत्याचा चेहरा दिसला आणि तो माझ्यासारखा होता. देवा, वाईट माणसं हटवून चांगली बसवली की काम झालं असं मला वाटायचं. खुर्ची माणसाला शिकवते, हे आता कळतंय. तुझे दोन्ही हात कमरेवर आहेत. काटा तू आमच्याच हातात दिला आहेस. हात थरथरला तर थरथरू दे, पण पारड्याखाली अंगठा जाऊ देऊ नकोस.

आता ज्यांची नावं आमच्या सभासद-यादीत नाहीत, त्यांच्याबद्दल बोलते. सभासद व्हायला शेती करणारा म्हणून कागद लागतो, आम्ही सातबारा मागतो. ज्वारी काढणारी, कणसं मोडणारी, कडब्याच्या पेंढ्या बांधणारी बाई सातबाऱ्यावर नसते. जमीन नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या नावावर. याच मंगळवेढ्यात काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. दगडमातीच्या ढिगाऱ्यात त्यांची हाडं कोणती, हे नामदेवांनी कान लावून ओळखलं, कारण हाडांतून तुझं नाव येत होतं अशी आपली कथा आहे. तुला राबणाऱ्याचं हाड ओळखू येतं. आम्हाला मात्र कागदावरचं नावच ओळखू येतं. आम्हाला तसा कान दे. ज्वारी काढणाऱ्या बाईचा वाटा आमच्या ताळेबंदात कुठल्या रकान्यात लिहायचा, ते सुचव. आणि दामाजीसाठी तू कुणाचं रूप घेतलंस, ते आमच्या सभेतल्या पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना जरा आठवू दे.

कडक भाकरी करणाऱ्या आमच्या गटाला सांभाळ. पहाटे चारला त्यांची चूल पेटते. भाकरी पातळ थापायची, भाजायची, कडक वाळवायची, शेंगांच्या चटणीबरोबर पाकिटात भरायची. भाकरीचं त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांना दमवतात ते बाकीचे सोपस्कार, म्हणजे अन्न परवाना, लेबल, वापराची शेवटची तारीख, पुण्याच्या दुकानदाराचा थकलेला पैसा. त्यांच्या तव्याला धग दे आणि त्या दुकानदाराला आठवण दे. माल पोचला की पैसे पोचावेत, हाही भक्तीचाच प्रकार आहे, असं त्याच्या मनात भर.

शहरातल्या खाणाऱ्यांवरही कृपा असू दे. २०२३ साल जगानं भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हा आमच्या भाकरीला एकदम इंग्रजी नाव मिळालं. हसू आलं, पण वाईट वाटलं नाही. खाणारा हवाच. फक्त त्याला एवढं कळू दे की भाकरीच्या किमतीत रान, बैल, बाई आणि पाऊस न पडण्याची भीती धरलेली आहे. आणि गावातल्या खाणाऱ्याला विसरू नकोस. आम्ही मानांकनाची ज्वारी पोत्यात भरून बाहेर पाठवतो आणि घरी रेशनचा गहू-तांदूळ शिजवतो. गावच्या ज्वारीची भाकरी गावच्या शाळेत, गावच्या अंगणवाडीत पोरांच्या ताटात पडेल तेव्हा मी म्हणेन, काम मार्गी लागलं.

प्रकल्पाच्या कामासाठी गावोगाव मोटारसायकलवर फिरणाऱ्या आमच्या पोरांना जप. प्रकल्प तीन वर्षांचा, पगार उशिराचा, आणि दर महिन्याला अहवालात आकडा वाढलेलाच दिसायला हवा. माणसं एकमेकांवर भरवसा ठेवायला लागली का, हे मोजायचं माप अजून कुणी काढलेलं नाही. ते माप निघेपर्यंत या पोरांचा धीर सुटू देऊ नकोस.

आणि माझ्यासाठी? थोडं पुरे. चुकलेली बेरीज मला सापडू दे. बरोबर असून अन्यायाची असलेली बेरीज त्याहून आधी सापडू दे. पुढच्या वर्षी सभा सुगी झाल्यावर, संध्याकाळी ठेवीन. त्या नडलेल्या माणसाचा फरक उद्या काढून त्याच्या खात्यावर लिहीन. संचालकांशी भांडण होईल, तेव्हा माझ्या जिभेवर राहा.

दुष्काळ पुन्हा येईल, हे या मुलखात वेगळं सांगायला नको. तेव्हा तुला पुन्हा घोंगडी पांघरून कुणाच्या दरबारात जावं लागू नये. कोठार बादशहाचं होतं म्हणून दामाजीला गुन्हा करावा लागला आणि तुला पैसे भरावे लागले. कोठार गावाचं असेल तर ते उघडायला ना संत लागेल, ना चमत्कार. किल्ली असलेली एखादी बाई पुरेल. तू तुझ्या विटेवर निवांत उभा राहा. या तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला उभं राहायला तेवढीच एक वीट मिळू दे.

आमच्याकडं रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. उद्या नवी वही उघडेन. पहिल्या पानावर श्री लिहीन, पहिलं माप पडेल तेव्हा लाभ म्हणेन. तो कुणाचा, हे विचारायला मला विसरू देऊ नकोस.

आता शटर ओढते.

पांडुरंग हरी.