माती आणि पाला

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या गावांत खोकल्याला अडुळसा, तापाला गुळवेलीचा काढा, सुजलेल्या गुडघ्याला निर्गुडीचा गरम पाला, ही जाण म्हाताऱ्या माणसांनी राखली. ती जपायलाच हवी. मातीचंही तसंच. गांधीजी पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवत; १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केले. ओली माती अंगातली उष्णता ओढते, म्हणून आराम वाटतो. मात्र उघड्या जखमेवर माती नको, धनुर्वाताचा धोका असतो. गुळवेल मुळासकट उपटू नका, हवा तेवढाच तुकडा घ्या. आणि साप चावला, तर पाला शोधत बसू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा.